दोन तुकडे, जोर पहिल्यावर

जयपूर,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

ती. आईस,

ज्ञानदाचा नमस्कार. बाबांनाही माझा नमस्कार सांग. तिळगुळाचा डबा पोचला. विनयने उघडल्या उघडल्या निम्मा संपवला आणि वर मला म्हणतो, "तुझ्या आईच्या लाडवात गूळ कमी असतो." कमी असतो तर निम्मा डबा कुठे गेला, हे मात्र जावईबापूंना सांगता आलं नाही. इथे संक्रांत होऊन गेली तरी विजेच्या तारांवर अजून पतंग लोंबतायत. मी सकाळी तुझी जुनी शाल पांघरून कामाला निघते आणि दुपारी तीच शाल काखेत मारून हिंडते.

तू म्हणशील, रोज फोन होत असताना ही पत्र काय लिहीत बसलीय? मला एक मोठी गोष्ट सांगायची आहे, आणि फोनवर ऐन रंगात आलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते. पत्राचं तसं नाही. ते मधेच ठेवलंस तरी परत उचलावं लागतं.

तर ऐक. मी स्पॅनिश शिकते आहे. आधी हसून घे. दहावीला संस्कृतमध्ये जेमतेम तरलेली तुझी मुलगी संध्याकाळी हॉस्पिटल सुटलं की मेट्रोने मानसरोवरला जाते आणि तिथे एका अमरावतीच्या बाईसमोर मांडी घालून स्पॅनिश शब्दांचे तुकडे पाडते. किती मजा येते म्हणून सांगू.

झालं असं, की डिसेंबरात आमच्याकडे स्पेनहून आलेली एक बाई दाखल झाली. एन्कार्ना तिचं नाव. साधारण तुझ्याच वयाची, गोरीपान, नाकेली, आणि स्वभावाने कडक असणार हे न बोलताही कळावं अशी. लेकीबरोबर जयपूर बघायला आली होती. आमेरचा किल्ला चढताना मधल्या कठड्यावर टेकली ती तिथेच कलंडली. अर्धांगवायू. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. ऐकलेलं सगळं समजतं, काय म्हणायचं तेही मनात असतं, पण शब्द तोंडापर्यंत येत नाही. हे तुला मी वेगळं सांगायला नको.

तिची लेक नुरिया माझ्याहून थोडी मोठी असेल. इंग्रजी चांगलं बोलते, म्हणून आमचं जमलं. डॉक्टरांनी सांगितलं की विमानात बसण्याजोगी तब्येत व्हायला बराच अवकाश आहे. म्हणजे तेवढा वेळ ती माझी पेशंट. नुरियाने पहिल्याच दिवशी माझा हात धरून विचारलं, "ती घरी जाण्याआधी एक शब्द तरी बोलेल का?" मी आपल्या धंद्याच्या सवयीने म्हटलं, प्रयत्न करू. आणि मनात म्हटलं, ज्ञानदाबाई, कुठल्या भाषेत करणार?

आम्हा स्पीच थेरपिस्टांची एक पद्धत आहे, ती तुला माहीत नसेल. बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं आणि घाव तिथेच बसलेला असतो. गाणं बरंचसं उजवीकडे असतं, आणि ते वाचलेलं असतं. म्हणून आम्ही वाक्य सुरात बांधतो. पेशंटचा डावा हात आपल्या हातात घ्यायचा, शब्दाच्या एकेका तुकड्याला गादीवर एकेक ठोका द्यायचा. ज्या तुकड्यावर जोर तो वरच्या सुरात, बाकीचे खालच्या सुरात. दोनच सूर पुरतात. आधी मी म्हणायचं, मग दोघींनी मिळून म्हणायचं, मग मी हळूच गप्प व्हायचं.

हिंदीत हे मी झोपेतसुद्धा करीन. पण स्पॅनिश शब्द कुठे तुटतो आणि त्यातल्या कुठल्या तुकड्यावर जोर पडतो, हे कळल्याशिवाय मी हात तरी कसा उचलणार? नुरियाला विचारलं तर ती गोंधळून गेली. आपली भाषा आपण बोलतो, तिचे तुकडे कुठे मोजत बसतो? शिवाय आईसमोर उभी राहिली की ती अर्ध्या शब्दावरच खिडकीकडे वळायची.

मग मला अबोली सापडली, तीच ती अमरावतीची. नवऱ्याच्या बँकेच्या बदलीने ती इथे आली आणि घरबसल्या ऑनलाइन स्पॅनिश शिकवते. आईवडिलांनी काय बघून हे नाव ठेवलं असेल कोण जाणे, तिचं तोंड क्षणभर थांबत नाही. मी घाबरत घाबरत माझी अडचण सांगितली, तर म्हणाली, "काहून टेन्शन घेऊन राहिली बाप्पा? बोलायला नाही शिकवत तुला. फक्त तोडायला शिकवते. चार दिवसांचं काम आहे."

आणि आई, खरंच इतकं सरळ आहे ते. शब्दाच्या शेवटी स्वर असला, किंवा न किंवा स असला, तर जोर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर. दुसरं कुठलंही व्यंजन असलं तर शेवटच्या तुकड्यावर. आणि एखाद्या शब्दाला हा नियम मोडायचा असेल, तर तो तसं डोक्यावर लिहूनच येतो, स्वरावर एक छोटी तिरकी रेघ. कपाळावर कुंकू लावून आल्यासारखा शब्द समोर येतो, चुकायला जागाच नाही. मी अबोलीला म्हटलं, माणसांचंही असं असतं तर माझी नोकरी गेली असती.

तरी मी चुकलेच. मी सगळं वहीत देवनागरीत उतरवून घेतलं आणि आपल्या अक्षरांच्या हिशोबाने तोडलं. एन्कार्नाचं नाव तोडलं ए, न्का, र्ना. आणि मोठ्या ऐटीत दुसऱ्या दिवशी तिच्याच हातावर तिचं नाव ठोकून दाखवलं. भाकरी पोळपाटावर लाटणाऱ्या मुलीकडे तू जसं बघशील, तसं तिने माझ्याकडे बघितलं. संध्याकाळी अबोली पोट धरून हसली. "जोडाक्षराचा चष्मा काढ आधी. दोन व्यंजनं शेजारी आली की एक मागच्याला, एक पुढच्याला. एन, कार, ना. मधल्यावर जोर." तसंच ते 'इ'चं. मारिया तीन तुकड्यांची, कारण तिच्या 'इ'वर रेघ आहे, ती कुणात मिसळत नाही. नुरिया मात्र दोनच तुकड्यांची. नु, रिया. तिथला 'इ' गरीब, पुढच्या 'आ'ला चिकटून राहतो. मी एवढे दिवस त्या पोरीचं नाव तीन ठोक्यांत घेत होते आणि ती सोशीकपणे ओ देत होती.

आता मला हे वेडच लागलंय. मेट्रोत बसले की गुडघ्यावर बोटांनी स्टेशनांची नावं तोडते. परवा शेजारची बाई माझ्याकडे बघून जरा पलीकडे सरकली. विनयला मी जेवताना विचारते, "तू किती तुकड्यांचा?" तो म्हणतो, "भूक लागली की हजार."

तर एन्कार्नाचं पहिलं वाक्य आम्ही ठरवलं, मला पाणी हवं. स्पॅनिशमध्ये किएरो आग्वा. किए, रो, आ, ग्वा. चार ठोके, पहिल्यावर आणि तिसऱ्यावर जोर. मी रोज दोनदा तिच्यापाशी बसायचे. ती माझ्या हातात हात द्यायची, ठोके बरोबर पडायचे, ओठही हलायचे, पण आवाज नाही. नुरिया पलंगाच्या पायथ्याशी पाण्याचा पेला घेऊन उभी असायची. दिवसामागून दिवस तो पेला तसाच भरलेला परत टेबलावर जायचा.

गेल्या सोमवारी मात्र तिच्या गळ्याची शीर तटतटली. मला कळलं, काहीतरी येतंय. मी माझा सूर बारीक केला. एन्कार्नाने लेकीकडे रोखून बघितलं, तोंड उघडलं, आणि आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात एक शब्द बोलली. दोन तुकडे, जोर पहिल्यावर. तो पाण्याचा नव्हता आणि अबोलीच्या पुस्तकातलाही नव्हता, पण मला वाटलं आता नाचावं. आमची पार्वती सिस्टर, इथल्याच चौमूं गावची, दारातून धावत आली आणि म्हणाली, "मैडमजी, माँजी तो बोल पड़ी. क्या बोला, क्या बोला?" काय बोलली ते मलाही माहीत नव्हतं. मी नुरियाकडे वळले तर ती जागेवर नव्हती. पेला टेबलावर ठेवून ती बाहेर गेली होती.

लिफ्टजवळच्या बाकावर बसून ती रडत होती. मला म्हणाली, "ती शिवी होती. घाणेरडी शिवी, आणि ती मला दिली." मग एकेक बाहेर आलं. त्या दिवशी आमेरला आईला वर चढायचं नव्हतं. तिला खाली सावलीत बसून राहायचं होतं. लेकीने आग्रह केला, तरातरा पुढे चालत गेली, दोघींची वाटेतच वादावादी झाली, आणि त्यानंतर आई बोललीच नाही. "एवढ्या दिवसांनी तिचं तोंड उघडलं आणि माझ्याबद्दल तिच्या मनात जे आहे ते बाहेर पडलं."

आई, मी तिच्याशेजारी बसले आणि जे मला शिकवलंय, जे मी किती पेशंटांच्या बाबतीत डोळ्यांनी बघितलंय, ते तिला सांगितलं. शिव्या, देवाचं नाव, पाढे, पाठ केलेलं स्तोत्र, हे बोलणं माणूस ठरवून बोलत नाही. ते वेगळ्याच कप्प्यात असतं आणि घाव बसला तरी पुष्कळदा शाबूत राहतं. बोलायची धडपड केली की जे जवळ असतं तेच निसटतं. अंधारात साखरेच्या डब्यासाठी हात घातला आणि हाती मिठाचा लागला, म्हणून कुणी मीठ मागत नव्हतं. नुरिया, ती तुझ्याकडे बघत होती, कारण जे म्हणायचं होतं ते तुलाच म्हणायचं होतं.

तिने डोळे पुसले, पण तिला पटलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात वीज चमकली. मी विचारलं, "ती शिवी तोड बरं." मग तिने बाकावर दोन ठोके दिले, पहिला जोरात. मी म्हटलं, "आता तुझं नाव." तिने परत दोन ठोके दिले, पहिला जोरात. आणि ती रडता रडता हसायला लागली.

मग आम्ही खोलीत गेलो आणि मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात निर्लज्ज काम केलं. एन्कार्नाचा हात धरला आणि तिच्याबरोबर ती शिवी सुरात म्हणायला लागले. वरचा सूर, खालचा सूर. ती आधी चमकली, मग तिलाही जोर चढला. पार्वती सिस्टरला अर्थ माहीत नाही, तीसुद्धा टाळ्या वाजवत आमच्यात सामील झाली. शिवी, शिवी, आणि तिसऱ्या वेळी त्याच ठोक्यांवर, त्याच सुरांवर मी म्हटलं, नुरिया. पुन्हा शिवी, शिवी, नुरिया. मग मी तिसऱ्या जागी नुसते ओठ हलवले आणि आवाज काढला नाही.

आणि एन्कार्ना म्हणाली, नुरिया.

दोनच तुकड्यांत, जोर बरोबर जिथे हवा तिथे. नुरियाने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. एन्कार्ना डाव्या हाताने तिच्या पाठीवर तेच दोन ठोके देत राहिली. मी आणि पार्वती बाहेर आलो आणि कॉरिडॉरमध्ये एकमेकींच्या गळ्यात पडलो. अबोलीला फोन करून ती शिवी ऐकवली तर म्हणाली, "अगं बाई, हळू बोल. हे मी नाही शिकवलं बाप्पा." त्यानंतर आग्वा आलं, कासा म्हणजे घर आलं. सगळे त्याच मापाचे शब्द. आता रोज काहीतरी नवं येतं. शुक्रवारी तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि माझं नाव घ्यायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही, पण रागावून जे बोलली ते अगदी स्वच्छ होतं.

सोमवार, संध्याकाळ

काल इथे पेन खाली ठेवलं. दमले म्हणून नाही. इथवरचं सगळं लिहायला सोपं होतं आणि पुढचं कसं लिहावं ते सुचेना. विनय म्हणाला, "पत्र कशासाठी लिहायला घेतलंस ते लिही आणि झोप."

आई, एन्कार्ना बोलली त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता, की मी सांगलीला कादंबरीला फोन लावला. ती माझ्याच कॉलेजची, मला ताई म्हणणारी, बाबांचं बोलणं असंच अर्धांगवायूने गेलं तेव्हापासून त्यांना बोलतं करायला तासगावला यायची ती. तू मला श्रावणात सांगितलं होतंस की तिचं लग्न ठरलं, आता ती येणार नाही, आणि बाबांनाही आता या वयात त्रास नको. वर म्हणाली होतीस, हा विषय परत काढायचा नाही. मी काढला नाही. म्हणून मी आधी तिला लग्नाच्या शुभेच्छा दिल्या. ती म्हणाली, "कसलं लग्न, ताई?"

सांगत नव्हती. मीच तिच्या मागे लागले, तिच्यावर रागावू नकोस. एवढंच म्हणाली, "काका बोलले, ताई. अगदी स्पष्ट बोलले. पण काकूंकडे बघून फार वाईट शिवी दिली. काकूंनी मला चहा करून दिला आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या." शब्द कुठला होता ते तिने सांगितलं नाही.

तेव्हा मला दिवाळीतलं सगळं कळलं. तू बाबांचं ताट त्यांच्यासमोर ठेवायचीस आणि लगेच स्वयंपाकघरात निघून जायचीस. औषध द्यायचीस ते मागच्या बाजूने. मला वाटलं होतं, करून करून दमलीस. तू त्यांच्या समोर येत नव्हतीस, आई. आपल्या घरात कधी कुणी 'साला' म्हटलेलं नाही. शाळेच्या मैदानावर तोंडातून वाईट शब्द गेला की मुलांना फेऱ्या मारायला लावणारे आपले बाबा, कदम सर. त्या माणसाने एवढ्या महिन्यांनी तोंड उघडलं, तुझ्याकडे बघितलं, आणि ते बोलले. तुला काय वाटलं असेल ते मला त्या लिफ्टजवळच्या बाकावर आधीच ऐकायला मिळालं होतं. इतकी वर्षं मनात हेच होतं तर, असंच वाटलं ना? आणि हे कुणाला सांगणार? तू कादंबरीचं लग्न लावून दिलंस.

बाबांनी तो शब्द जन्मात कधी वापरला नसेल. पण चौतीस वर्षं मैदानावर पोरांच्या तोंडून ऐकलाय, आणि दर वेळी त्यावर शिट्टी फुंकलीय. आपल्यापेक्षा त्यांच्याच डोक्यात तो जास्त पक्का बसलेला असणार. म्हणून तो जवळ होता. म्हणून तो निसटला.

बाबा तुला कशी हाक मारायचे आठवतं? फाटकातून आत येतानाच, हजेरी घेतल्यासारखी, पूर्ण नावाने. गल्लीतल्या इतर बायकांना 'अगं' नाही तर 'ऐकलंस का' एवढंच मिळायचं. तुला आख्खं सुमित्रा मिळायचं. सु, मित्, रा. तीन तुकडे, मधल्यावर जोर. मी एन्कार्नाचं नाव ठोकायला बसायचे तेव्हा पहिल्या दिवसापासून मला कुठेतरी चुकचुकायचं, ते हेच होतं.

तर आता माझं मागणं. नुरिया आणि तिची आई पुढच्या आठवड्यात निघतात. त्यानंतर मी महिनाभराची रजा घेतली आहे आणि विनयने तिकीटही काढलंय. तू नको म्हणालीस तरी मी येणार, पण तुझं मन नसेल तर त्या घरात माझ्या हातून काही होणार नाही. माझ्या दोन सुरांपेक्षा तू समोर बसलेली असणं बाबांना जास्त लागणार आहे. तू हो म्हण. आणि मला तो शब्द हवा आहे. वाट तिथूनच सुरू होते. तू लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. मग नुसते तुकडे लिही, किती आणि जोर कशावर. बाकीचं मी ओळखते, मीही तासगावचीच आहे.

मी शंभर टक्के बरे होतील असं म्हणत नाही. वर्ष होऊन गेलंय, ते पूर्वीसारखे बोलणार नाहीत कदाचित. दोन शब्द येतील, दहा येतील, किंवा एकच येईल. पण ती शिवी तुला नव्हती, आई. त्यांना तुला हाक मारायची होती. तोंड उघडल्यावर भलतंच बाहेर पडलं आणि ते तुला किती लागलं हे तुझ्या चेहऱ्यावर दिसलं, तेही त्यांनी बघितलं. तेव्हापासून त्यांनी परत तोंड उघडलेलं नाही. तुला वाटतं त्यांना काही बोलायचं नाही. मला वाटतं, त्यांना भीती वाटते.

हे पत्र हाती पडेल त्याच दुपारी त्यांच्या समोर खुर्ची ओढून मोठ्याने वाच. पहिल्यापासून, काहीही न गाळता, शिवीसकट. सगळं समजतं त्यांना. इथपर्यंत आलीस की कागद खाली ठेव आणि त्यांच्याकडे बघ.

तुम्हा दोघांची,
ज्ञानदा